चौदावी टोपी

बुधवार, ता. ३

ही वही आमच्या लेकीने, ठकीने, तिच्या आईसाठी पाठवली होती. सहा महिने कपाटात पडून होती. हिचं म्हणणं असं की, जे बोलायचं ते ती तोंडावर बोलते, लिहायला मागे काही उरतच नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात मला याला हरकत घेता आलेली नाही. शेवटी वही माझ्याकडे आली. मला लिहायची सवय आहे, पण आकडे. रोज दोन फुगे आकाशात सोडायचे आणि ते वरून जे कळवतील ते नोंदवायचं, यात एकतीस वर्षं गेली. वाक्यं लिहिताना हात अवघडतोय.

आज लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. समुद्रात, इथून अठराशे किलोमीटरवर, ढगांचा एक घोळका गोल फिरायला लागला आहे. उपग्रहाच्या चित्रात तो अंगाची मुटकुळी करून झोपलेल्या मांजरासारखा दिसतो. मुख्यालयाने त्याला अजून नाव दिलेलं नाही. मी दिलं. मांजर.

संध्याकाळचा फुगा साडेपाचला सोडला. फुगा जवळजवळ माझ्याएवढा उंच असतो आणि त्याच्याखाली दोरीला एक हलकी डबी लोंबते. डबीतून बाहेर आलेल्या पट्टीच्या टोकाला हवेतला ओलावा मोजणारा नखाएवढा तुकडा. त्याला बोट लागू नये म्हणून वर एक इवलीशी टोपी असते. फुगा सोडण्याआधी टोपी काढायची आणि शेडमधल्या फळीवरच्या मातीच्या मगात टाकायची. टक् असा आवाज होतो. रविवारी मगातल्या टोप्या मोजायच्या. दिवसाला दोन, आठवड्याच्या चौदा. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांची ही पद्धत. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही, कुणी विचारत नाही, तरी मी मोजतो. गॅसवाला, म्हणजे फुग्यात गॅस भरणारा माझा जुना सोबती, दर रविवारी न चुकता म्हणतो, "साहेब, टोप्या मोजून डोकं सापडतं का कुणाचं?"

फुगा हातातून सुटला की पहिली काही सेकंदं मलाच हलकं हलकं वाटतं, पाय जमिनीवर आहेत का ते बघावं लागतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुवार, ता. ४

मांजर जागं झालं. वारा वाढला, ढग दाट झाले, मुख्यालयाने त्याला रीतसर नाव दिलं. मला ते आवडलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

दुपारी ठकीचा फोन आला. अर्थात आईला. मी शेजारच्या खोलीत पंखा पुसत होतो. पाती फारच स्वच्छ निघाली. हिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. ती म्हणते गुडघ्यांच्या जोडीने कानही गेले, पण मला ऐकू यावं म्हणूनच ठेवला असावा. ठकी म्हणत होती की रोज बातम्या बघते, आमचं क्वार्टर अगदी पाण्याला लागून, लाल इशारा झाला की ती गाडी काढणार आणि आईला घेऊन जाणार. हिने विचारलं, "आणि बाबा?"

मी फडकं थांबवलं.

"गाडीत मागे जागा असते," ठकी म्हणाली.

मागे तर मागे. चार वर्षांत ती या घरात आलेली नाही. मी स्टुलावरून उतरलो आणि फडकं हातात घेऊनच नकाशासमोर जाऊन उभा राहिलो. लाल इशारा व्हायला मांजराने अजून बरंच वाढायला हवं.

शुक्रवार, ता. ५

दिवसभर हवा गप्प. समुद्र इतका स्तब्ध की किनाऱ्यावरच्या दगडांची सावली पाण्यात तळापर्यंत गेल्यासारखी वाटत होती. केंद्राच्या पायरीवर बसून मी बराच वेळ मांजराचा विचार केला.

त्याला खायला लागते ती समुद्राची वाफ. ती वर चढते, तिचे ढग होतात, ढग होताना तिच्यातली ऊब सुटते आणि त्या उबेने हवा आणखी वर धावते, खालून आणखी वाफ ओढून घेते. पेटलेली चूल जशी आपली आपण हवा ओढते तसं. फरक एवढाच की आपल्या चुलीला ओलं सोसत नाही, याच्या चुलीला कोरडं सोसत नाही.

ठकीबद्दल लिहायचं टाळत होतो, पण वही तिचीच आहे. पाच वर्षांपूर्वी तिने मातीच्या भांड्यांचं दुकान काढलं. स्वतः चाकावर भांडी करायची आणि विकायची. दुकान उघडलं त्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. तिने सगळं दाखवलं, चाक, भट्टी, फळ्या. मी नीट पाहून घेतलं, रस्त्यावरची वर्दळ पाहिली, आणि सांगितलं की वर्षभर चालेल. अकरा महिने चाललं. बंद झालं तेव्हा तिचा फोन आला, तेव्हा मी तिला म्हटलंही की अंदाज फक्त एका महिन्याने चुकला. आमच्या धंद्यात इतका जवळचा अंदाज म्हणजे पाठ थोपटून घ्यावी असा. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं सोडलं. नेमकं काय लागलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बोट कुठे ठेवावं तेच सापडत नाही.

टोप्यांचा मग तिनेच केलेला आहे, पहिला. त्याची मान एका बाजूला कललेली. त्या दिवशी तिने समजावून सांगितलं होतं की माती फिरत असताना खालचा हात एकीकडे आणि वरचा दुसरीकडे गेला की मान मोडते. तो मग ती फेकून देणार होती. मी मागून घेतला.

शनिवार, ता. ६

सकाळच्या फुग्याने वाईट बातमी आणली. चार ते सात किलोमीटर उंचीवर कोरड्या हवेचा जाड थर. ओलावा वीस टक्के, कुठे अठरा. दूरच्या कोरड्या मुलखावरून ही हवा सरकत आली असणार. मांजर याच हवेच्या दिशेने येतंय. अशी हवा पोटात शिरली की ढगातले थेंब विरून जातात, विरताना हवा गार करतात आणि ती गार हवा धबाधबा खाली कोसळते. चुलीत पाण्याचा तांब्या ओतावा तसं.

शिवाय खालचा वारा त्याला आमच्याकडे ढकलतोय आणि दहा किलोमीटरवरचा वारा उलट दिशेला, समुद्राकडे. वर एक, खाली एक. याला आम्ही शिअर म्हणतो. त्याने वादळाचा मनोरा कलतो, ऊब एका जागी साठत नाही, आणि कललेल्या बाजूने कोरडी हवा आत घुसायला वाट मिळते. मला मगाची मान आठवली.

मुख्यालयातल्या बाईंना फोनवर आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, असंच राहिलं तर इशारा वाढवायची गरज पडणार नाही. वरचे ढग इतके पसरलेत की त्यांच्याखालचा कोरडा थर उपग्रहाला नीट दिसत नाही, आणि वादळाच्या वाटेवर फुगा सोडणारं केंद्र आमचं एकच. शितावरून भाताची परीक्षा, आणि शीत माझ्या हातात.

घरी आलो तर ठकीच्या खोलीतली गादी उन्हात पडली होती. चादर धुऊन दोरीवर. आज मी मांजराच्या बाजूने आहे. हे लिहायला नको होतं.

संध्याकाळी गॅसवाला आला नव्हता, घराचे पत्रे बांधायला थांबला होता. त्याचंही काम मीच केलं. फुगा भरला, दोरी बांधली, डबी सुरू करून कानाशी धरली. तेवढ्यात ही टेकाड चढून शेडपर्यंत आली. गुडघे दुखतात म्हणून ती तीन वर्षांत वर आलेली नाही. दाराला धरून उभी राहिली, दम खात म्हणाली की ठकीने रजा टाकली, लाल इशारा झाला तर सोमवारी पहाटे निघणार. तिचा चेहरा इतका उजळलेला होता की मी बघतच राहिलो. साडेपाच वाजून गेले होते. घाईने बाहेर येऊन फुगा सोडला. आम्ही दोघांनी मिळून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. ती म्हणाली, किती दिवसांनी पाहिला. मग तिला हाताला धरून मी खाली घेऊन आलो, आणि आकडे बघायला परत वर गेलो.

आणि काय सांगावं! कोरडा थर नाहीसा. जमिनीपासून पार वरपर्यंत ओलावा चौऱ्याऐंशी टक्के, एकसारखा. पट्टीने ओढावी इतकी सरळ रेघ. अशी सरळ रेघ मी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. हवा बारा तासांत बदलली. निसर्ग आहे, बदलते. बाईंना कळवलं. साडेसातला लाल इशारा झाला. ही मोठ्याने बातम्या ऐकत होती. आज जेवताना आम्ही खूप बोललो.

रविवार, ता. ७

सकाळच्या फुग्यात कोरडा थर पुन्हा जागच्या जागी. एकोणीस टक्के.

अकरा वाजता बाईंचा फोन. त्यांचा आवाज झोप न झाल्याचा होता. त्यांनी विचारलं, "काल संध्याकाळी ओलं, आज सकाळी कोरडं. तुमच्या दोन फुग्यांतला खरा कुठला?"

मी म्हटलं, तपासून सांगतो.

आज टोप्या मोजायचा दिवस. मग टेबलावर पालथा केला. तेरा. पुन्हा मोजल्या, तेरा. फळीखाली पाहिलं, गॅसच्या नळकांड्यांमागे पाहिलं, खिसे उलटे केले. गॅसवाला दारात उभा राहून बघत होता. आज त्याने डोक्याचा विनोद केला नाही. "हुडकू नका साहेब," तो हळूच म्हणाला, "ती वर गेली."

कालची डबी टोपी घालूनच गेली. टोपीत कोंडलेली ढेकणाएवढी हवा तीस किलोमीटरपर्यंत मोजत राहिली. म्हणून ती सरळ रेघ.

रेघ पाहताच मला कळायला हवं होतं. शिकाऊ माणसालाही कळलं असतं. काल कळलं होतं का? टोपी मगात पडल्याचा आवाज झाला नाही, हे माझ्या कानाला ठाऊक होतं का? शपथेवर सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की आज अकराला कळलं आणि मी बाईंना उलटा फोन केला नाही. सकाळचीच डबी बिघडलेली होती असं म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. आणि सोमवारी पहाटे ठकी निघाली असती.

मी टेकाड उतरून गावात गेलो. औषधवाला दुकानाच्या काचेवर फळ्या ठोकत होता. शाळेच्या पहिल्या मजल्यावर गाद्या चढवत होते. दवाखान्यातून एका म्हाताऱ्या बाईंना खुर्चीसकट उचलून चौघांनी गाडीत ठेवलं. त्यांनी मला ओळखलं. फुगेवाले म्हणून मला सगळे ओळखतात. त्यांनी हात धरून विचारलं की मी परत येईन ना हो माझ्या खाटेवर. ही गर्दी, ही ठोकाठोक, सगळी माझ्या एका टोपीखाली चालली होती. आणि वर आकाश असं शांत निळं, एखाद्या दुपारच्या झोपेतल्यासारखं. मला वाटलं, मी जागा झालो तर बरं.

तीन वाजता बाईंना फोन केला. टोपीचं सांगितलं. अकरा ते तीनचंही सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "लेखी पाठवा," म्हणाल्या, "दोन्ही गोष्टी." मग फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या की माणसं चार तास आधी घरी जाऊ शकली असती. ते मला जन्मभर पुरेल.

सहा वाजता इशारा उतरला. हिला मी शेडमध्ये काय झालं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोरीवरची चादर काढून घडी घालायला लागली.

सोमवार, ता. ८

मांजर फाटलं. सकाळच्या चित्रात त्याचं पांढरं डोकं दूर समुद्राकडे वाहून गेलेलं, आणि खाली ढगांचा एक उघडा भोवरा एकटाच फिरत राहिलेला. अंगावर ढगाचं पांघरूण नाही. आपल्याला सोडून आपलं डोकं गेलंय हे त्याला बहुधा कळलेलं नाही. मला त्याची दया आली. संध्याकाळपर्यंत तो नुसता वारा उरला.

ठकीचा आईला निरोप आला होता: इशारा उतरला ना, मग आता येत नाही.

दुपारी हिने चहा पुढ्यात ठेवला आणि समोर बसली. कालपासूनचं तिचं पहिलं बोलणं.

"तुम्ही खरं सांगितलंत ते बरोबरच केलंत," ती म्हणाली. "खरं सांगण्यात तुम्ही कधीच मागे नसता. पण त्या दिवशी दुकानात तिने तुम्हाला किती दिवस चालेल ते विचारलं नव्हतं हो. ती नुसतं दाखवत होती."

मी म्हटलं, पण अंदाज तर बरोबर निघाला.

"निघाला ना," ती म्हणाली. "म्हणूनच."

मी पायरीवर जाऊन बसलो. चहा तिथेच गार झाला. चाक, भट्टी, फळ्या. तिने माझा हात धरून ओल्या मातीवर ठेवला होता, ते मी विसरलोच होतो. माती गार होती आणि हाताखाली फिरत होती, आणि मी रस्त्यावरची माणसं मोजत होतो. तिच्या चुलीत तांब्या मीच ओतला, आणि वर विझल्याची वेळ नोंदवली. एवढी साधी गोष्ट कळायला मला चार वर्षं आणि एक वादळ लागलं. मला रडू आलं. इथे कोण बघतंय म्हणून लिहितो.

मंगळवार, ता. ९

लेखी पाठवलं. आता जे होईल ते होईल. आज वादळ किनाऱ्याला लागायचं होतं. त्याऐवजी दहा वाजता पावसाची एक सर आली आणि अंगण भिजायच्या आत गेली.

त्यानंतर मी फोन केला. नंबर पाठ नव्हता, हिच्या फोनमधून बघून लावला. ही शेजारच्या खोलीत पंखा पुसायला गेली. गुरुवारीच पुसलेला.

"मी बोलतोय," म्हटलं. नंतर काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरलो. म्हणून टोपीचं सांगितलं. माझ्या चुकीने लाल इशारा झाला, तू येशील म्हणून मला तो हवा होता, आणि चार तास मी गप्प बसलो. मला वाटलं फोन कटला.

"बाबा, तुम्ही चुकलात?" ती शेवटी म्हणाली.

"हो."

"महिन्याने?"

"पूर्ण."

ती हसली की नाही ते कळलं नाही, श्वास ऐकू आला. मग म्हणाली की तिने पुन्हा चाक घेतलंय. मागच्या गॅलरीत ठेवलंय, नोकरी सांभाळून संध्याकाळी बसते. आईलाही सांगितलेलं नाही. आणि ती थांबली. मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. आकडा जिभेवर आलाच होता, सवयीने. आठ महिने. गिळला.

"पहिलं काय केलंस?" मी विचारलं.

"मग. पण मान वाकडीच आली पुन्हा."

"घेऊन ये."

"आता कशाला? वादळ तर नाही म्हणालात."

"नाहीच आहे," मी म्हटलं. "तरी ये."

बघते, म्हणाली. फोन ठेवला. ही फडकं घेऊन दारात आली आणि विचारलं, येईल का. एकतीस वर्षांत मला हे पहिल्यांदा म्हणता आलं. म्हटलं, माहीत नाही. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बसा, चहा टाकते.

गुरुवार, ता. ११

मुख्यालयाचं पत्र आलं. ठपका आहे, नोंदीत राहील. रास्त आहे. गॅसवाल्याने शेडच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: टोपी. मी पुसलं नाही. दवाखान्यात जाऊन त्या म्हाताऱ्या बाईंना भेटून आलो. त्या आपल्या खाटेवर होत्या. झोपल्या होत्या, मी उठवलं नाही.

रविवार, ता. १४

सकाळी समुद्रावर पातळ धुकं होतं आणि त्यातून ऊन गाळून यावं तसं येत होतं. कोरडी हवा आहे तशीच आहे वर, पण आता तिचं कुणाशी भांडण नाही.

टोप्या मोजल्या. चौदा. बारा जुन्या मगात आणि दोन नव्या मगात. नवा काल दुपारपासून फळीवर आहे, जुन्याच्या शेजारी. दोघांच्या माना एकमेकांकडे कललेल्या. चौदावी टोपी आज पहाटे ठकीने काढली. टाकण्याआधी मगाजवळ नेऊन थांबली आणि मला म्हणाली, "ऐका हं."